सच्छिद्र टायटॅनिया उत्प्रेरक: इंधनातील गंधकापुढे कितपत टिकतो?

इंधनातील गंधक ऑक्सिडीकरणाने काढण्यासाठी विकत मिळणारी सच्छिद्र ॲनाटेज टायटॅनियाची (टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका स्फटिकरूपाची) पूड आम्ही प्रयोगशाळेत बराच काळ वापरली. पूड चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र माहितीपत्रकात सर्वांत ठळक छापलेला आकडा, म्हणजे दर ग्रॅममागचे पृष्ठफळ, पाहून तिची पारख करू नये. पैसे मोजायचे ते छिद्रांच्या आकारासाठी आणि ती छिद्रे वापरात शाबूत राहतात की नाही यासाठी.

तेलशुद्धीकरण कारखान्यांत गंधक काढतात ते हायड्रोजनच्या साहाय्याने. ॲल्युमिनावर बसवलेल्या कोबाल्ट-मॉलिब्डेनम किंवा निकेल-मॉलिब्डेनम सल्फाइडावरून ३०० ते ४०० अंश सेल्सिअस तापमानाला आणि मोठ्या दाबाखाली इंधन व हायड्रोजन एकत्र सोडले जातात आणि गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन निघून जाते. मर्कॅप्टन आणि साधी सल्फाइडे फारसा त्रास देत नाहीत. घोडे अडते ते ४,६-डायमिथाइलडायबेन्झोथायोफिन या वलयी गंधक-संयुगापाशी, कारण गंधकाच्या दोन्ही बाजूंचे मिथाइल गट उत्प्रेरकाला त्या अणूपर्यंत पोहोचू देत नाहीत. आणि डिझेलमधील गंधक १० पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भागांच्या) खाली न्यायचे तर शेवटी हीच संयुगे उरतात. ऑक्सिडीकरणाच्या पद्धतीत हायड्रोजन लागत नाही. साधारण ६० अंशांवर, वातावरणाच्याच दाबाखाली हायड्रोजन पेरॉक्साइड गंधकाच्या अशा संयुगांचे सल्फोन (गंधकाला दोन ऑक्सिजन जोडलेली संयुगे) बनवते आणि ध्रुवीय झालेले सल्फोन ॲसिटोनायट्राइलसारख्या द्रावकाने इंधनातून ओढून घेता येतात.

इथे छिद्रांचा प्रश्न येतो. टायटॅनियम सिलिकॅलाइट हा पेरॉक्साइडबरोबर वापरला जाणारा नावाजलेला उत्प्रेरक आहे, पण त्याच्या वाटा जेमतेम ०.५५ नॅनोमीटर रुंद असल्यामुळे डायबेन्झोथायोफिनचा (वरच्याच संयुगाच्या मिथाइल गट नसलेल्या रूपाचा) रेणू आत शिरतच नाही. उलट, बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या पी२५ टायटॅनियाच्या कणांना अंतर्गत छिद्रेच नसतात. त्याचे पृष्ठफळ दर ग्रॅमला ५० चौरस मीटरच्या आसपास असते. परीक्षणातील पूड या दोन्हींच्या मधली, म्हणजे काही नॅनोमीटर रुंदीच्या छिद्रांची आहे, आणि तिचा खरा गुण तोच.

तीस टक्के पेरॉक्साइडचे थेंब पडताच पांढरीशुभ्र पूड पिवळी होते. पृष्ठभागावर टायटॅनियमची पेरॉक्सो रूपे तयार झाल्याची ती खूण आहे आणि गंधकाला ऑक्सिजन पुरवण्याचे काम हीच रूपे करतात, असे सामान्यतः मानले जाते. ऑक्टेनमध्ये विरघळवलेल्या डायबेन्झोथायोफिनचे शिखर क्रोमॅटोग्रामवर (घटकांचे प्रमाण दाखवणाऱ्या आलेखावर) बघता बघता खाली येते. डायमिथाइल संयुग मात्र मागे रेंगाळते, आणि हे लक्षात घेण्याजोगे आहे. कारण पेरॉक्साइड व फॉर्मिक आम्ल यांच्या मिश्रणात, जिथे घन उत्प्रेरकच नसतो, तिथे हा क्रम नेमका उलटा असतो. म्हणजे मिथाइल गटांची अडचण या छिद्रांतही पूर्णपणे सुटलेली नाही. बेन्झोथायोफिन आणखी मंद चालते. पेट्रोलमध्ये आढळणाऱ्या थायोफिनमधील गंधकावर इलेक्ट्रॉनची घनता कमी असल्याने त्याला जवळपास धक्काही लागत नाही, त्यामुळे पेट्रोलसाठी ही पूड कोणी घेऊ नये.

मुख्य तक्रार पुनर्वापराविषयी आहे. अल्केनयुक्त इंधनात सल्फोन फारसे विरघळत नाहीत, ते छिद्रांतच अडकून बसतात आणि पुढच्या खेपेला पूड सुस्त वाटू लागते. माहितीपत्रक यावर भट्टीत तापवण्याचा उपाय सुचवते, पण त्या तापमानात ॲनाटेजचे स्फटिक मोठे होत जातात आणि छिद्रांच्या पातळ भिंती कोसळतात. तापमान आणखी चढले तर रुटाइल हे टायटॅनियाचे दुसरे स्फटिकरूप बनू लागते. एकाच वापरलेल्या पुडीचे दोन भाग करून आम्ही एक भाग ॲसिटोनायट्राइलने धुतला आणि दुसरा भाजला. धुतलेल्या भागाने बरेचसे काम पूर्ववत केले, तर भाजलेल्या भागाच्या नायट्रोजन अधिशोषणाच्या आलेखातील, छिद्रांमुळे दिसणारे वलय स्पष्टपणे आक्रसलेले दिसले. द्रावकाने धुण्याची सूचना विक्रेत्याने का छापली नाही, हे कोडेच आहे.

पेरॉक्साइडचा खर्चही गृहीत धरावा. गंधकाच्या एका अणूचे सल्फोन बनवायला पेरॉक्साइडचे दोन रेणू पुरेसे असले, तरी टायटॅनिया स्वतःच त्याचे पाणी आणि ऑक्सिजनमध्ये विघटन करत असल्याने प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त घालावे लागते, आणि ते एकदम न ओतता थेंबाथेंबाने घातलेले बरे.

डब्यावर ‘प्रकाश-उत्प्रेरक’ असेही लिहिलेले आहे. ॲनाटेजची ऊर्जा-पोकळी (इलेक्ट्रॉन उत्तेजित करायला लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने त्याला ३८७ नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश लागतो, आणि खरे डिझेल असा प्रकाश स्वतःच शोषून घेते. स्वच्छ, रंगहीन नमुन्यात दिवा लावून पाहायला हरकत नाही. डिझेलसाठी मात्र या शब्दाचे वेगळे पैसे देऊ नयेत.

पूड अतिशय बारीक आहे. साध्या गाळणकागदातून ती दुधासारखी खाली उतरते, म्हणून सेंट्रिफ्यूज हाताशी नसेल तर खरेदीचा विचार लांबणीवर टाकावा. स्तंभात भरण्यासाठी दाणेदार रूप मागितले तर मिळू शकते, परंतु टायटॅनियाचे दाणे ॲल्युमिनाइतके दणकट नसतात, तेव्हा त्यांची चुरडण्याची ताकद आधी विचारून घ्यावी. मागणी नोंदवताना एकूण पृष्ठफळावर न थांबता छिद्रांच्या आकाराच्या वितरणाचा आलेख मागावा आणि तो किती अंशांवर भाजलेल्या नमुन्याचा आहे, हेही लिहून घ्यावे. उघड्या डब्यातील पूड हवेतला ओलावा घेते, त्यामुळे वजन करण्यापूर्वी ती १२० अंशांवर वाळवणे आवश्यक आहे. नाहीतर पुडीबरोबर पाण्याचेही वजन होते.