नवऱ्यासाठी परफ्यूम घ्यायला गेले आणि ८,९९८ रुपयांना बुडाले

आधी आकडा सांगते, ८,९९८ रुपये. दोनदा ४,४९९. पहिल्यांदा मालाचे म्हणून आणि दुसऱ्यांदा त्याच मालाचे पैसे परत देतो म्हणून. घरात पूर्ण आकडा फक्त नवऱ्याला माहितीये, सासूबाईंना अर्धाच सांगितलाय.

नवऱ्याचा चाळिसावा वाढदिवस होता. हा माणूस स्वतःसाठी कधी काही घेत नाही, एकच डिओ संपेपर्यंत वापरतो आणि संपला की तोच परत आणतो. माझ्या मावसभावाच्या लग्नात भावानं मारलेलं परफ्यूम त्याला इतकं आवडलं होतं की परत येताना गाडीत दोनदा तरी तोच विषय निघाला. मी गुपचूप भावाला विचारून घेतलं तर ते दिऑरचं सोवाज निघालं. मग एका शनिवारी मॉलमध्ये जाऊन बघून आले. काउंटरवरच्या मुलीनं आधी कागदाच्या पट्टीवर मारून दिलं, मग मनगटावर, आणि म्हणाली की लगेच ठरवू नका, अर्धा तास फिरून या, वरवरचा वास उडाला की खरा कळतो. सुरुवातीला लिंबाच्या सालीसारखा, मग मिरीचा झणका, आणि रात्री भांडी घासून झाली तरी मनगटाला मंद येत होता. तिनंच सांगितलं की यात ईडीटी (सगळ्यात हलकं) वेगळं, ईडीपी (त्याहून दाट) वेगळं, पार्फम (सगळ्यात दाट) वेगळं, नाव तेच पण वास आणि किंमत वेगळी. टोपण लावून दाखवलं तर आत मॅग्नेट आहे, जवळ नेलं की टक करून आपोआप बसतं. १०० एमएलची किंमत दहा हजारांच्या वर. तेवढं बजेट नव्हतं, मुलीच्या शाळेची फी त्याच महिन्यात होती.

घरी येऊन दोन-तीनदा सर्च केलं आणि दुसऱ्या दिवसापासून फोनवर रील सुरू झाले. एका पेजवर तेच परफ्यूम ४,४९९ ला, "टेस्टर पीस, शंभर टक्के ओरिजिनल, साधा बॉक्स म्हणून स्वस्त". आता मला कुणी म्हणेल की एवढं स्वस्त कसं पटलं, तर टेस्टर, म्हणजे गिऱ्हाइकाला वास बघायला ठेवलेली बाटली, ही गोष्ट खरंच असते, काउंटरवर मी स्वतः बघितली होती. ९९९ ला असतं तर मी वळूनही बघितलं नसतं. अर्धी किंमत असली की माणूस म्हणतो असेल बाबा, आणि हे लोक आकडा बरोबर तिथंच ठेवतात.

मी मेसेज करून विचारलं, ईडीटी आहे का ईडीपी? उत्तर आलं, "ओरिजिनल मॅम". परत विचारलं तर परत तेच, "१०० परसेंट ओरिजिनल मॅम, टुडे लास्ट पीस". ज्याला आपण काय विकतोय तेच माहीत नाही त्याला मी ५०० रुपये ॲडव्हान्स पाठवले. बाकी ३,९९९ कुरिअरवाल्याला. कॅश ऑन डिलिव्हरी आहे म्हणजे धोका नाही असं मला वाटलं होतं, पण त्यात सहसा पैसे दिल्याशिवाय बॉक्स फोडू देत नाहीत हे डोक्यातच आलं नाही.

पार्सल आलं तेव्हा नवरा हॉलमध्येच होता, वर्क फ्रॉम होम. त्याला कळू नये म्हणून मी दार अर्धं लोटून जिन्यात उभी राहून पैसे दिले. लेबलवर पाठवणाऱ्याचं नाव कुठल्यातरी गारमेंट्सचं होतं आणि पेज तर परफ्यूमचं. हे मी वाचलं होतं, दिसलं नाही असं नाही, वाचलं आणि पार्सल ओढणीखाली घेऊन कपाटात साड्यांच्या मागे ठेवून दिलं. चार दिवस तिथंच होतं. सरप्राइज ठेवायचं म्हणून कुणाला दाखवलं नाही, कुणाला विचारलं नाही, भावाला एक फोटो पाठवला असता तरी त्यानं सांगितलं असतं. गिफ्टच्या बाबतीत हेच होतं, आपण लपवून घेतो, लपवून ठेवतो, आणि फोडेपर्यंत वेळ निघून जाते. पार्सल आल्या आल्या फोडा, व्हिडिओ काढत फोडा, मग हवं तर परत पॅक करा.

वाढदिवसाला रात्री त्यानं उघडलं. टोपण हातात आलं आणि परत बसवताना तिरकं बसलं, टक झालंच नाही, प्लॅस्टिकचं नुसतं अडकवलेलं. माझ्या पोटात तिथंच खड्डा पडला. बाहेरून आलेल्या मालाच्या बॉक्सवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली किंवा स्टिकरवर लागते, इथे काहीच नव्हतं. बॅच नंबर बाटलीखाली वेगळा, बॉक्सवर वेगळा. (जुळला तरी खात्री धरू नका, तोही कॉपी करतात.) स्प्रे दाबला तर फवारा नाही, ओघळ आला, आणि वास आधी नुसता स्पिरिटचा आणि मग गाडीत लटकवतात त्या वडीसारखा. नवरा "छान आहे" म्हणाला. दोन दिवस मारून ऑफिसला गेला, तिसऱ्या दिवशी मानेवर लाल चट्टे. डॉक्टरांचे ५०० आणि मलमाचे १८५ वेगळेच.

मी पेजवाल्याला फोटो पाठवून झापलं. लगेच सॉरी मॅम, राँग बॅच, फुल रिफंड. दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता फोन आला, ऑर्डर नंबर, तारीख, रक्कम सगळं बरोबर सांगितलं. क्यूआर पाठवला, म्हणे स्कॅन करा, पैसे जमा होतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मला माहीत आहे, मी स्वतः आईला शिकवलंय! पण डबा अर्धा खाल्लेला, साहेबांचा दुसऱ्या फोनवर कॉल, आणि डोक्यात एकच की आपले पैसे परत येताहेत. स्क्रीनवर स्पष्ट "पे ४,४९९" लिहिलेलं होतं. मी विचारलं पण, यहां पे क्यों लिखा है? तो म्हणाला, मॅडम वो रिफंड का फॉर्मॅट है. आणि मी पिन टाकला. सहा आकडे. तो चौथा-पाचवा आकडा टाकतानाचं माझं बोट मला अजून दिसतं, रात्री झोप लागत नाही, तेव्हा थांबले असते तर निम्मे तरी वाचले असते.

यानंतरचं तर विचारूच नका. बँकेत फोन केला तर पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार तुमच्या संमतीनं झालाय. तीन दिवसांत कळवलं तर पैसे मिळतात असं ऐकलं होतं ते म्हटलं, तर म्हणे ते तुमच्या नकळत झालेल्या व्यवहाराला. चौकीत गेले तर हवालदारानं पहिला प्रश्न काय विचारावा, "नवऱ्यासाठी? साडेचार हजारांचं सेंट?" आणि शेजारच्याकडे बघून हसला, मग म्हणे सायबरला जा, सायबरला गेले तर म्हणे आधी ऑनलाइन करा आणि तीन प्रती आणा, प्रती नेल्या तर स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का पाहिजे, बँक म्हणते ॲपवरून डाउनलोड करा, त्यावर शिक्का नसतो, कुरिअरवाला म्हणतो पाठवणाऱ्याचा नंबर पोलिसांच्या पत्राशिवाय देता येत नाही, पोलीस म्हणतात तक्रार दाखल झाल्याशिवाय पत्र देता येत नाही, आणि तक्रार दाखल का होत नाही तर शिक्का नाही. दोन रजा गेल्या, रिक्षाचे ३४० रुपये गेले. मोठी रक्कम असती तर यांनी उभं राहून ऐकलं असतं का? साडेचार हजार साडेचार हजार करून हजार बायकांना लुटलं तर तो आकडा कुणाच्या वहीत येतो?

१९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा. पैसे गेल्या गेल्या त्यावर फोन करायचा, पुढच्या खात्यात पोचायच्या आधी रक्कम गोठवता येते ती तेवढ्याच वेळात. मी तिसऱ्या दिवशी केला कारण बँक बघेल असं धरून चालले होते. तोपर्यंत त्या खात्यात काही उरलं नव्हतं.

आणि परफ्यूमच द्यायचं असेल तर बजेटमध्ये बसेल ती छोटी बाटली काउंटरवरून बिलासकट घ्या. याच नावाची ६० एमएलची बाटली मिळते, मला १०० चाच हट्ट होता.

नवऱ्यानं एका शब्दानं दुखावलं नाही. बाटली टाकून दे म्हणाला, मी टाकली नाही, बॉक्स आणि लेबलसकट पिशवीत बांधून ठेवलीये, कधीतरी कुणी पुरावा मागेल म्हणून. परवा तेच पेज नव्या नावानं समोर आलं. व्हिडिओ तोच, आता किंमत ३,९९९. त्यात तो माणूस टोपण लावतो ना, ते तिरकं बसतं आणि अंगठ्यानं दाबून सरळ करतो, हे मी पहिल्या वेळीही बघितलं होतं. खाली कमेंट टाकली की हा माल डुप्लिकेट आहे, पाच मिनिटांत कमेंट गायब आणि मी ब्लॉक.