जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज: घरी केलेले बदल, आठ महिन्यांनंतर

गाडी इंजेक्शनची पेट्रोल, मॅन्युअल गिअर. मोजणी एकाच पद्धतीनं: टाकी फुल, नोझल पहिल्यांदा कट झालं की बस, पुन्हा दाबून भरायचं नाही. आकडा तीन-चार टाक्यांची सरासरी काढूनच धरायचा. एकाच टाकीवरून अंदाज बांधला की काहीही लावा, फायदा झाल्यासारखाच वाटतो.

सगळ्यात मोठा फरक नवं काही बसवून पडला नाही, अडकलेले ब्रेक सोडवून पडला. ब्रेक न मारता काही किलोमीटर चालवून चारही रिम हातानं चाचपायच्या. एखादी बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर ते चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड लावाच. न्यूट्रलमध्ये चाक हातानं फिरायला हवं. ब्रेक पॅडची हलकी खरखर चालते. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेला दिसला तर संशय कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिनवर, म्हणजे ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या पिनांवर. पिन काढल्यावर ग्रीस वाळून तपकिरी, डिंकासारखं झालेलं असतं. ब्रेक क्लीनरनं पुसून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस अगदी पातळ लावायचं. साधं ग्रीस लावलं तर रबरी बूट फुगतात आणि पिन पुन्हा जाम. कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी पाइपवर) लोंबकळू द्यायचा नाही, तारेनं बांधून ठेवायचा. जोडून झाल्यावर पेडल कडक होईपर्यंत पंप केल्याशिवाय गाडी हलवू नका. पिन साफ करूनही चाक जड राहिलं तर कॅलिपरमधला पिस्टन किंवा आतून फुगलेला होज बघायचा.

दुसऱ्या नंबरवर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा लांबच्या प्रवासातही मधोमध येत नसेल तर तो बहुतेक उघडाच अडकलाय. इंजिन थंड आहे असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात टांगून थर्मामीटर लावा. अंगावर कोरलेल्या तापमानाच्या, म्हणजे साधारण 82 किंवा 88 अंशांच्या, आसपास तो उघडायला लागला पाहिजे. थंड पाण्यातच उघडा दिसला तर भंगारात. काम थंड इंजिनवरच करायचं, आणि कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) भरताना आतली हवा काढायची, नाहीतर काटा वरखाली नाचतो.

टायरची हवा: तापमान 5-6 अंशांनी उतरलं की सुमारे 1 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) कमी होते, म्हणून महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना. दाराच्या पट्टीवर कंपनीनं दिलेल्या आकड्यापेक्षा 2-3 पीएसआय जास्त ठेवून पाहिली. गाडी हलकी धावते, पण खड्ड्यांत हाडं वाजतात आणि ओल्या रस्त्यावर पकड घटते. पट्टीवरचाच आकडा बरा.

ग्रिल झाकणं हा एकमेव खरा ‘मॉडिफिकेशन’वाला बदल. काळी पन्हळी प्लास्टिक शीट कापून ग्रिलच्या मागे केबल टायनं बांधली, वरचा निम्मा भागच. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे शहरातल्या वेगात फायदा शून्य. हायवेवर थोडा, तोही बहुतेक थंडीत. ओबीडी अ‍ॅडॉप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून कुलंटचं तापमान बघत राहा. एसी लावल्यावर रेडिएटरचा पंखा पूर्वीपेक्षा जास्त फिरायला लागला तर शीट मोठी झाली. उन्हाळ्यात काढून ठेवली.

एअर फिल्टरबद्दल निराशा. इंजेक्शनच्या गाडीत येणारी हवा मोजूनच पेट्रोल सुटतं, त्यामुळे मळलेल्या फिल्टरनं पिकअप मरतो, अ‍ॅव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. इंजेक्शन नसलेल्या, कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्यांनी मात्र बदलावाच.

ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडपैकी सर्वात पातळ घ्या. त्याखाली उतरू नका. रुंद टायर लावले असतील तर परत मूळ मापावर या. टायरचा व्यास मोठा झाला की किलोमीटर कमी मोजले जातात, त्यामुळे तुलनाच बिघडते.

पेट्रोलच्या पाइपवरचं चुंबक आणि पाण्यापासून हायड्रोजन बनवणारी किट यांच्या नादी लागू नका. त्या किटला लागणारी वीज अल्टरनेटरच (इंजिनवर फिरणारा जनित्र) देतो, आणि तो फिरतो पेट्रोलवरच.