सीडी रिप करताना गोठणारी विंडो आणि न दाबले जाणारे ‘रद्द करा’: काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑडिओ सीडींचा संग्रह संगणकावर फ्लॅक या आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात उतरवण्यासाठी, म्हणजे रिप करण्यासाठी, एक मोफत प्रोग्राम मी लिनक्सवर काही महिने वापरत आहे. त्याची वैशिष्ट्ये इथे उगाळत बसत नाही. लिहिण्याचे निमित्त एवढेच, की ओरखडे पडलेल्या एका सीडीवर त्याची विंडो पुन्हा करडी पडली, ‘प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी झळकली आणि ज्या ‘रद्द करा’ बटणाची नेमकी त्याच वेळी गरज होती, तेच दाबले जाईना. सीडी सुरळीत वाचली जात असताना हे बटण मोठ्या तत्परतेने चालते. पण तेव्हा ते हवे असते कोणाला?

प्रोग्राम टाकाऊ आहे, असे माझे सुरुवातीचे मत होते. आता ते निम्मे बदलले आहे, कारण हे गोठणे दोन प्रकारचे आहे आणि त्यांतला पहिला प्रकार सहज सुटतो. सीडी घालताच विंडो अडकत असेल, तर अडचण गाण्यांची नावे शोधण्यात असते. फ्रीडीबी ही नावे पुरवणारी इंटरनेटवरची सेवा 2020 मध्ये बंद झाली, तरी या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये अजून तिचाच पत्ता भरलेला आहे, आणि उत्तराची वाट पाहण्याचे काम विंडो चालवणाऱ्या थ्रेडवरच, म्हणजे प्रोग्राममधल्या कामाच्या त्याच धाग्यावर, टाकलेले आहे. खात्री करायची असेल तर इंटरनेट बंद करून सीडी घालावी. विंडो लगेच उघडली, की दोषी सापडला. मी नावांसाठी म्युझिकब्रेन्झ ही दुसरी सेवा निवडली आणि हा त्रास कायमचा मिटला.

खरा छळ दुसऱ्या प्रकाराचा, म्हणजे गाण्याच्या मध्येच गोठण्याचा आहे. ऑडिओ सीडीवर एका सेकंदाला 75 सेक्टर, म्हणजे माहितीचे ठरावीक आकाराचे तुकडे, लागतात आणि प्रत्येकातले सर्व 2352 बाइट आवाजासाठी खर्च होतात. डेटा सीडीच्या सेक्टरमध्ये मात्र सामान्यतः 2048 बाइटच माहिती असते आणि उरलेल्या जागेत चुका सुधारण्याची जादा सोय असते. ती सोय ऑडिओ सीडीला नसल्यामुळे ओरखड्यावर तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून ताडून पाहण्याखेरीज गत्यंतर नसते. तेवढ्यात ड्राइव्ह अडला, तर वाचनाची मागणी कर्नलमधून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातून, परत येईपर्यंत चालू प्रोग्राम (प्रोसेस) ‘डी’ या मध्येच न तोडता येणाऱ्या प्रतीक्षेच्या अवस्थेत अडकतो. प्रोग्राम जबरदस्तीने बंद करणाऱ्या ‘किल’ आज्ञेचा नऊ क्रमांकाचा रामबाण सिग्नलही तेव्हा लागू पडत नाही. हे सर्व मला मान्य आहे. मान्य नाही ते इतकेच, की वाचनही विंडोच्याच थ्रेडवर टाकले आहे; ते स्वतंत्र थ्रेडवर ठेवले असते तर वाचन अडले तरी विंडो जिवंत राहिली असती. नव्या आवृत्तीत ‘रद्द करा’ला लाल चिन्ह मिळाले, थ्रेड मात्र मिळाला नाही.

अनपेक्षित समाधान मिळाले ते टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या साध्या खिडकीत. या प्रोग्रामच्या पोटात सीडी वाचण्यासाठी सीडीपॅरानोया हेच इंजिन आहे. ते थेट चालवले तर प्रगतीच्या पट्टीशेजारी एक चेहरा दिसतो. सारे ठीक असेल तर :-), ओरखडा सापडला तर :-(, आणि दुरुस्तीचा नाद सोडला तर ;-(. आत काय चालले आहे याचा सजवलेली विंडो ताकास तूर लागू देत नाही, ते ही तीन विरामचिन्हे बिनबोभाट सांगतात.

म्हणून विंडो गोठली तरी प्रोग्राम लगेच मारू नये. ज्या फोल्डरमध्ये फाइल तयार होत असते तिथे तिचा आकार पाहावा; तो हळूहळू का होईना वाढत असेल, तर काम चालू आहे आणि थांबणे श्रेयस्कर. आकार वाढत नसेल आणि कर्नलच्या संदेशांत वाचनदोषाच्या ओळी एकामागून एक येत असतील, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. यूएसबी ड्राइव्ह असेल तर केबल काढल्यावर अडकलेली मागणी बहुधा चूक दाखवून परत येते आणि विंडो सुटते. त्यानंतर सीडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसून, वेग चौपटीवर आणून पुन्हा प्रयत्न करावा. माझ्या बऱ्याच हट्टी सीडी एवढ्यावर वठणीवर आल्या.

विकतचा प्रोग्राम घ्या, असा सल्ला मला मिळाला आहे. त्यात हे बटण चालते म्हणे. एका बटणासाठी पैसे मोजण्याची माझी तयारी नाही. ओरखडे असलेल्या सीडी मी आता सरळ टर्मिनलवरच लावतो आणि ड्राइव्हच अडला नसेल, तर तिथे रद्द करायला कंट्रोल-सी पुरते.