नोकरी गेली आणि बाळ येतंय: नवा क्रिब की घरातला जुना पाळणा?

हप्त्यावर क्रिब (बाळाचा उंच कठड्यांचा पलंग) घेतला, तर पगार बंद असताना दर महिन्याला त्या खरेदीची आठवण येत राहते. आधीच झोप उडालेली, त्यात आणखी एक तारीख. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी होणार असेल, तर सुरुवातीचे महिने क्रिब इकडे रिकामाच! तरी त्याच्या बाजूने एक गोष्ट आहे: बाळ उठून बसायला लागल्यावरही तो चालतो. पाळण्याचं तसं नाही. बाळ हातागुडघ्यांवर उठू लागलं की तो बंद करायचा.

पाळणा मात्र आत्या-मावशीच्या माळ्यावर हमखास सापडतो, आणि बारशाला तोच लागतो. घरी बसलेल्या माणसाला कामही मिळतं: कड्या-साखळ्या तपासायच्या, खिळे ठोकायचे. दांड्यांमधली फट ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. रंगाचं मात्र जपून. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर (हा विषारी धातू) ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधी रंगवलेला पाळणा गरोदर बायकोसमोर घासत बसू नका. तो सरळ नाकारा आणि बिनरंगाचा शोधा.

दोन्हींत गादी सपाट, घट्ट हवी. बाळाला पाठीवर निजवायचं. उशी, लोड, मऊ खेळणी नकोत, म्हणजे तोही खर्च वाचला.

माझं मत पाळण्याकडे. क्रिबचं सहा महिन्यांनी बघू, तेही वापरलेलाच. ‘लोक काय म्हणतील’ म्हणणारे हप्ते भरायला येत नाहीत.