रंग भारी होता: सीमलेस रोल बारच्या पैशात खुर्चीचा पाईप

गाडीत रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून सीटमागे लावतात ती पाईपची कमान, बसवून घेताना एका वर्कशॉपवाल्याकडून फसलो, सहा-सात महिने झाले या गोष्टीला. आधी लिहायची लाजच वाटत होती, कारण त्या माणसाचं कौतुक मीच चारचौघात केलं होतं, पाच स्टार देऊन फोटो टाकले होते आणि माझ्या शब्दावर अजून दोन पोरं त्याच्याकडे जाऊन आली होती. त्यातल्या एकाने ॲडव्हान्स पण दिला होता, नशीब त्याचं काम सुरू व्हायच्या आत कळलं. वर्कशॉपचं नाव लिहीत नाहीये, विचारू पण नका, पैसे परत घेताना तसं ठरलंय. काम कसं केलं ते मात्र सगळं लिहितो.

गाडी साधीच आहे. सेकंडहँड घेतलेली पेट्रोल स्विफ्ट, एमएच-11, रोज ऑफिसला तीच, आईला घेऊन कोरेगावला मामाकडे तीच आणि वर्षातून दोन-तीनदा ट्रॅक डे ला (रेसच्या ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायचा दिवस) पण तीच. नाद लागला कोल्हापूरला कार्टिंग करताना, मग एका मित्राबरोबर कोईमतूरला करी स्पीडवेवर जाऊन आलो, 2.1 किलोमीटरचा छोटासा ट्रॅक पण पहिल्या दिवशीच डोक्यात बसला. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात रात्री गाड्या पळवणारे आपल्याकडे कमी नाहीत, मला ते कधीच पटलं नाही, समोरून कास पठारावरून परत येणारी पोराबाळांची गाडी आली तर काय करणार आहेस बाबा. ट्रॅकवर निदान आपण एकटेच आपटतो.

तर रोल बार कशाला हवा होता ते सांगतो. मी चार पॉइंटचा हार्नेस, म्हणजे दोन्ही खांदे आणि कंबर बांधणारा रेसिंगचा पट्टा, घेतला होता. साध्या बेल्टमध्ये गाडी उलटली तर माणूस थोडा तरी बाजूला कलंडतो, हार्नेसमध्ये ताठ बांधलेला राहतो आणि छत खाली आलं की पहिलं डोकं सापडतं. म्हणून हार्नेस लावायचा तर मागे रोल बार हवा, आणि खांद्याचे पट्टे मागे जवळपास आडवे जाऊन त्याच्या आडव्या पाईपला बांधायचे. एवढं मी वाचलं होतं. एफआयए म्हणजे मोटर रेसिंगची जागतिक संघटना, तिच्या नियमांच्या अपेंडिक्स जे मध्ये आर्टिकल 253 आहे त्यात पाईपचं माप पण दिलंय, ते मी पाठ करून गेलो होतो: कोल्ड ड्रॉन सीमलेस (बिनजोडाचा पाईप), मेन हूप म्हणजे मुख्य कमान 45 मिमी व्यास बाय 2.5 जाडी किंवा 50 बाय 2, बाकीचे पाईप 38 बाय 2.5 किंवा 40 बाय 2. सगळं पाठ होतं आणि तरी फसलो. वाचलेलं होतं पण हातात व्हर्नियर (व्यास-जाडी मोजायचं साधन) घेतला नव्हता ना.

वर्कशॉप आपल्या साताऱ्यातलंच, एमआयडीसीच्या बाजूला. जीपचे हूड, बंपर, ट्रॉलीची कामं करतो आणि इन्स्टावर त्याचे व्हिडिओ एकदम झकास, ठिणग्या उडतायत, मागे गाणं. मी गेलो तर दारात लाल रंगाचा केज (पाईपचा पूर्ण सांगाडा) टाकलेली एक थार उभी. मालक गोड बोलणारा, मी मापं सांगायला लागलो तर तोंडातला शब्द काढून घेतल्यासारखा म्हणाला "साहेब, 45 बाय 2.5 सीमलेसच टाकतो आपण, दुसरा माल शिवतच नाय." पाईपचं टेस्ट सर्टिफिकेट देणार का विचारलं तर म्हणाला देतो की. आरटीओचं काय, तर "ते माझ्याकडं लागलं." हे ऐकूनच खरं तर उठायला पाहिजे होतं. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत मनाने बदल करता येत नाही, 182ए खाली मालकाला प्रत्येक बदलाला 5,000 दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे सगळं मला नंतर कळलं. त्याच्याकडं काहीही लागलेलं नव्हतं, जे लागणार होतं ते माझ्याकडंच.

मग त्याने एक काम केलं जे मला आता आठवलं की हसू येतं. पाईपचा विषय दोन मिनिटांत संपवला आणि शेड कार्ड काढलं. रंग कुठला मारायचा. अर्धा तास आम्ही रंगावर बोललो. काळा मॅट की पिवळा की कँडी रेड, सीटच्या शिलाईला मॅच होईल का, उन्हात कसा दिसेल. मी पण असा रंगलो त्यात की पाईप कुठे ठेवलाय, दाखव जरा, हे विचारायचं राहूनच गेलं. मामाने फोनवर विचारलं होतं "पाईप बघितलास का?" मामा चाळीस वर्षं फिटर होता, आता रिटायर. त्याला बरोबर न्यायला पाहिजे होतं पण नेलं नाही, कारण मामा आला की शंभर प्रश्न विचारणार आणि समोरच्याला राग येणार, अशी मला भीती.

48,000 सांगितले, 46,500 ला तोडलं. 30,000 ॲडव्हान्स, तो पण त्याच्या पोराच्या यूपीआयवर. कागद म्हणून पॅडवरचं एस्टिमेट, त्यावर "रोल बार काम, 1 नग" एवढंच, माप नाही मटेरियल नाही. आठ दिवस सांगून बावीस दिवस लावले. मध्ये दोनदा गेलो तर "आत्ता रंगात हाय, धूळ बसंल, नका येऊ आत." गाडी घ्यायला गेलो तेव्हा सगळं तयार, लालभडक चमकतोय, वर काळा फोम गुंडाळलेला, पेढे आणले होते त्याने. मी फोटो काढले, पाच स्टार दिले, घरी आलो.

एअरबॅगचा दिवा लागलेला होता. तो म्हणाला सेन्सर आहे, जाईल आपोआप. गेला नाही. नंतर दुसऱ्या मेकॅनिकने सांगितलं की बॅटरीची वायर न काढताच गाडीत वेल्डिंग केलं असणार.

कोईमतूर म्हणजे हजारभर किलोमीटर, मी आणि मित्र आळीपाळीने गाडी चालवत बंगलोरला मुक्काम करून पोचलो. सकाळी स्क्रुटिनी, म्हणजे ट्रॅकवर सोडायच्या आधी गाडीची तपासणी. तपासणारा माणूस वयस्कर, शांत. त्याने पहिल्यांदा फोम दाबला, दोन बोटांत दाबला तर बोटं एकमेकांना लागली. म्हणाला हा एसीच्या पाईपवर गुंडाळतात तो फोम आहे. डोक्याजवळच्या बारला कडक पॅडिंग लागतं, एसएफआय 45.1 या मानकाचं किंवा एफआयएचं, बोटाने दबतच नाही म्हटलं तरी चालेल असं. हे ट्रॅकपेक्षा रस्त्यावर जास्त महत्त्वाचं आहे बरं का, ट्रॅकवर निदान हेल्मेट असतं, रोज ऑफिसला जाताना मागून कुणी ठोकलं तर उघडं डोकं थेट लोखंडावर. बावीस दिवस खपून मी माझ्या डोक्यामागे एक हातोडा लावून घेतला होता म्हणा ना.

मग त्याने फोम वर सरकवला आणि बेंडवरून अंगठा फिरवला. आतल्या बाजूला सुरकुत्या. उसाच्या कांड्यासारख्या. सर्टिफिकेट मागितलं, मी ऐटीत झेरॉक्स काढून दिली, त्याने चष्मा लावून वाचली आणि मला परत दिली. "ये तो साठ एमएम के पाइप का है." त्यावर 60.3 लिहिलेलं होतं हो. दोन महिने तो कागद माझ्या डॅशबोर्डात होता, मी एकदा पण वाचला नव्हता, वरचा शिक्का बघून घडी घातली होती. त्या कागदावर हीट नंबर (लोखंडाच्या बॅचचा नंबर) असतो, तोच नंबर पाईपवर छापलेला असतो, दोन्ही जुळले तरच कागदाला अर्थ. आणि पाईपवरचा नंबर रंग मारल्यावर कुठे दिसणार?

गाडी ट्रॅकवर घेऊ दिली नाही. बार काढून टाक म्हणावं तर अर्धा बोल्टचा अर्धा वेल्डचा. मित्र त्याच्या गाडीत फिरला, मी पिटच्या भिंतीवर बसून चहा पीत बसलो. परत हजार किलोमीटर. खंबाटकीच्या अलीकडेच राहतो आपण म्हणून बरं, नाहीतर तो पण घाट बघायला लागला असता त्या मूडमध्ये.

घरी आल्यावर गाडी सरळ कोरेगावला. मामाने व्हर्नियर आणला, ड्रिल आणलं, आडव्या पाईपला एक बारीक भोक पाडलं आणि आत आकडा घालून भिंतीची जाडी मोजली. 1.6. बाहेरून 38. मेन हूप सुद्धा 38. मामा काही बोलला नाही थोडा वेळ, मग म्हणाला "आरं हे सोळा गेजचं फर्निचरचं पाईप हाय. खुर्च्या करत्यात ह्याच्या." नंतर कापलेल्या तुकड्यात बोट घातलं तर शिवणीची रेघ हाताला लागते, म्हणजे सीमलेस नाहीच, साधा ईआरडब्ल्यू, पट्टी वळवून वेल्ड केलेला. बेंडला मोजलं तर एका बाजूने 42, दुसऱ्या बाजूने 33. नियमात लहान व्यास भागिले मोठा व्यास 0.9 च्या खाली गेलेला चालत नाही, माझा 0.79.

मग ग्राइंडरने रंग काढायला घेतला. जिथे पाईपला पाईप मिळतो तिथे टोकाला खाच काढून दुसऱ्याच्या गोलाईत नीट बसवावी लागते. इथे टोक हातोडीने चेपलेलं, उरलेल्या फटीत वेल्डिंग रॉडचे तुकडे कोंबलेले, वर टाके मारलेले आणि त्याच्यावर चक्क गाडीच्या पत्र्याला भरतात ती पुट्टी. घासून गुळगुळीत केलेली. त्यावर कँडी रेड. मला तो जॉइंट इतका आवडला होता की त्याचा जवळून फोटो काढून टाकला होता मी.

पायाचं तर विचारू नका. हूपच्या पायाखाली बॉडीला किमान 3 मिमी जाड, 120 चौरस सेंटीमीटरची प्लेट लागते आणि प्रत्येक पायाला कमीत कमी तीन बोल्ट, एम8, 8.8 ग्रेडचे, तो आकडा बोल्टच्या डोक्यावर उठवलेला असतो. माझ्या बोल्टची डोकी कोरी. दोनच बोल्ट, खालून नुसते वॉशर, म्हणजे गाडी उलटली की बार पत्रा फाडून खाली घुसणार. कार्पेटखालचं डांबरासारखं कोटिंग पण खरवडलं नव्हतं. आणि एक बोल्ट पेट्रोलच्या टाकीपासून दोन बोटांवर. स्विफ्टची टाकी मागच्या सीटखाली असते. तिथे त्याने टाकी न उतरवता वेल्डिंग केलेलं आहे. हे बघितल्यावर मामी म्हणाली, गाडी घरी परत आली हेच लय झालं.

मामाला घेऊन गेलो वर्कशॉपला. मालक आधी ओळखच दाखवेना, मग "साहेब तुम्ही बघून घेतली गाडी, रंगाला हो म्हणालात, स्टार दिलेत, आता काय?" मामाने कापून आणलेला तुकडा टेबलावर ठेवला तर म्हणतो "हे माझं नव्हंच."

पैसे परत मिळाले ते एका व्हॉट्सॲप मेसेजमुळे. ॲडव्हान्स देताना मी सहज लिहिलं होतं "45×2.5 सीमलेस ना?" आणि त्याने उत्तर दिलं होतं "हो साहेब सीमलेसच 100%". बाकी जीएसटी बिल नाही, काही नाही. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर फोन करून तक्रार नोंदवली, मग वकिलाची नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांच्या आतल्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हे नोटिशीत लिहिल्यावर आणि तो मेसेज जोडल्यावर त्याचा फोन आला. दोन हप्त्यांत 25,000 दिले. मी घेतले. लढायला पाहिजे होतं असं काही जण म्हणतात, त्यांनी खुशाल लढावं, मला रजा नव्हत्या. बाकीचे 21,500 गेले, वर बार कापून भोकं बुजवायला 6,500, एअरबॅगचं काम वेगळं.

कापलेला बार भंगारात टाकताना अजून एक गंमत कळली. काट्यावर पायाच्या पट्ट्यांसकट 12 किलो 200 भरला. मामाने तिथेच पाकिटावर हिशोब केला: बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करायची, त्याला जाडीने गुणायचं, मग 0.02466 ने, की एका मीटरचं वजन किलोत येतं. 45 बाय 2.5 चा मीटर 2.62 किलो, माझ्या पाईपचा 1.44. सगळा मिळून आठेक मीटर पाईप होता, खरा माल असता तर बार वीस किलोच्या आसपास गेला असता. म्हणजे भोक पाडायची पण गरज नव्हती, गाडीत बसवायच्या आधी घरातल्या वजनकाट्यावर ठेवला असता तरी कळलं असतं. आणि कोरा बघितला असता, रंगाच्या आधी, तर वेल्ड, बेंड, पाईपवरचा छापील नंबर सगळंच दिसलं असतं.

आता गाडी कंपनीच्या बेल्टवर आहे, हार्नेस विकून टाकला. रोजच्या वापराच्या गाडीत बार टाकूच नये असं माझं मत झालंय, मागची सीट जाते, इन्शुरन्सवाला क्लेमला नाक मुरडणार, डोक्यामागे लोखंड. ट्रॅक डे ला बिनाबारची जाते तेवढी पळवतो.

गेल्या आठवड्यात कराडच्या एका पोराचा फोन आला, तोच वर्कशॉप, तोच रेट, पोलोत बसवायचाय. मी त्याला अर्धा तास सगळं सांगितलं, सुरकुत्यांचे, पुट्टीचे, कोऱ्या बोल्टचे, भोक पाडलेल्या पाईपचे फोटो पाठवले. निळ्या टिका आल्या. बराच वेळ टायपिंग दिसत होतं. मग मेसेज आला: "बापरे दादा. पण हा रेड कुठल्या कंपनीचा मारलाय? जबरदस्त दिसतोय."