अंगठा माझा, सिम माझ्या नावावर, मेसेज कुणाचा?

आधीच सांगते, मी अडाणी नाही. बी.कॉम. आहे, जीएसटीचा हिशेब स्वतः ठेवते आणि इंदूरच्या रामबागेत घरातूनच एकोणीस वर्षं दिवाळीचा फराळ विकते. 'ओटीपी कुणाला सांगू नका' मलाही पाठ आहे. पण माझ्याकडे ओटीपी कुणी मागितलाच नाही, आणि 28,373 रुपये गेले.

नवरात्र चालू होतं. जेल रोडवर एका गाळ्यात 'बल्क एसएमएस'चा, म्हणजे एकदम हजारो मेसेज पाठवून देण्याचा बोर्ड. फराळाची जाहिरात करायची म्हणून मी आत गेले. मुलगा विशी-बाविशीचा, मराठी बोलणारा. "काकू, माझं आजोळ देवासचं." झालं! इंदुरात तरुण पोरगं सरळ मराठीत बोललं की आपण विरघळतो. बरं, बोलत होता ते सगळं खरं होतं, हाच तर त्रास. ट्रायच्या, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या 2018 च्या नियमानुसार धंद्याचे मेसेज पाठवायला डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर नोंदणी लागते, सहा अक्षरांचा हेडर (मेसेजवर नंबराऐवजी दिसणारं नाव) घ्यावा लागतो, मजकुराचा टेम्प्लेट, म्हणजे ठरावीक नमुना, आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मी घरी येऊन नेटवर तपासलं. नोंदणीची फी त्याने 5,900 सांगितली होती, नेटवरही तोच आकडा. मग संशय कशाचा घ्यायचा?

50,000 मेसेज, 22 पैशांना एक, म्हणजे 11,000. त्यावर जीएसटी 1,980. नोंदणीचे 5,900. एकूण 18,880. 'टेम्प्लेट मंजुरी'चे वेगळे 1,500, ते कशाचे मला आजही कळलेलं नाही. यूपीआयवर कुणा बाईचं नाव आलं. "अकाउंटंट मॅडम आहेत." बरं बाबा. (पक्कं बिल मागा. ते द्यायला जो 'उद्या' म्हणतो, त्याच्याकडून तिथल्या तिथे उठा.)

आणि मग तो अंगठा.

काळं छोटं यंत्र, आत लाल दिवा. "काकू, केवायसी." मी अंगठा ठेवला. "नाही आला, बोटं कोरडी आहेत, परत लावा." मी पदराला पुसून परत लावला. वर मीच ओशाळले! म्हटलं, अरे, दिवसभर भाजणी मळते, रेषा झिजल्यात माझ्या. तो हसला. "होतं काकू, आमच्या आईचंही असंच." रात्री झोप लागत नाही तेव्हा ते हसू आठवतं. मेसेज पाठवायच्या नोंदणीला अंगठा कशाला लागेल? पॅन, जीएसटीचं प्रमाणपत्र, अधिकारपत्र, एवढं टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर आपण स्वतः चढवायचं असतं. अंगठा लागतो नवं सिम कार्ड काढायला. दोनदा अंगठा, म्हणजे माझ्या नावावर दोन सिम. हा डाव मी पेपरात वाचलेला होता हो! वाचलेला असून यंत्रासमोर बसल्यावर आठवला नाही.

याहून वाईट गोष्ट मी केली ती वेगळीच. माझ्या वहीत 1,140 गिऱ्हाइकांचे नंबर होते. भाच्याकडून एक्सेलमध्ये उतरवून घेतले आणि ती फाईल त्या पोराच्या हातात दिली. लोकांनी नंबर दिले होते ते चकली तयार झाली की कळवायला. वर तो म्हणाला, पिनकोडप्रमाणे इंदूरचे 25,000 नंबर आमच्याकडचे देतो. कुणाचे, कुठून आणले, त्या लोकांनी हो म्हटलंय का, मी एका शब्दाने विचारलं नाही. फुकट मिळत होते ना!

चार दिवसांनी फोन. "काकू, मेसेज देवनागरीत आहे, 150 अक्षरं. एकाचे तीन धरतात, तुम्ही घेतलेले मेसेज कमी पडतायत." हेही खरंच निघालं. इंग्रजीत एका मेसेजला 160 अक्षरं मिळतात, देवनागरीत 70, आणि तुकडे पडले की प्रत्येकी 67. आणखी 25,000 चे 5,500 अधिक जीएसटी, 6,490 भरले. आपल्या लिपीत लिहायचं असेल तर 70 अक्षरांत बसवा, नाहीतर दर ठरवतानाच तिप्पट धरा.

8 ऑक्टोबरला रिपोर्ट आला: सगळे 'डिलिव्हर्ड', वेळ रात्री 11:47. जाहिरातीचे मेसेज सकाळी दहा ते रात्री नऊ एवढ्यातच पाठवायचे असतात. यादीत माझा नंबर पहिला, फोन उशाशी, वाजला नाही. आणि मनोरमागंजच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा 0731 चा लँडलाइन नंबर भाच्याने तसाच टाकलेला, तोही 'डिलिव्हर्ड'. लँडलाइनला!

माझ्या गिऱ्हाइकांना मेसेज पोचला, पण साध्या दहा आकडी नंबरवरून, माझ्या दुकानाच्या नावाने, खाली '501 भरून बुकिंग पक्कं करा' अशी लिंक. मी लिंक लिहिलीच नव्हती. लोकांनी 1909 वर, म्हणजे नको असलेल्या मेसेजच्या तक्रारीच्या नंबरवर तक्रारी केल्या, बरोबरच केलं. दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की कारवाई होते. मेसेज गेले तो नंबर माझ्या अंगठ्यावर काढलेला, माझ्या नावावरचा, म्हणून माझ्या दुकानाच्या फोनचंही आउटगोइंग पंधरा दिवस बंद. दिवाळी 20 ऑक्टोबरची! गिऱ्हाईक मिस्ड कॉल देतंय आणि मी परत फोन करू शकत नाही.

संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं. माझे दोन. दिसले चार.

आता दाद मागायची कुठे? टेलिकॉम कंपनीच्या काउंटरवर: "बायोमेट्रिक आपका है, तो सिम आपका है।" अहो, तेच तर सांगतेय! ठाण्यात गेले तर जेल रोड आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात दोन तास बाकावर. मग साहेब म्हणतात, "मैडम, पैसे तो आपने खुद दिए ना? लाख से ऊपर होता तो देखते।" म्हणजे लाखाच्या आत चोरी माफ? अर्ज तीनदा लिहून घेतला: एकदा हिंदीत नाही म्हणून, एकदा स्क्रीनशॉटचे प्रिंट रंगीत नाहीत म्हणून, एकदा शिक्का मारणारे जेवायला गेले म्हणून. मी फराळाची कढई उतरवून जात होते, दर फेरीला एक घाणा वाया. 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी चौदाव्या दिवशी फोन केला, ती चूक माझी. पहिल्या तासात केला तर पैसे बँकेत अडवता येतात. गाळ्याला कुलूप, बोर्ड तसाच.

तिघींनी लिंकवर 501 भरले. सुदामानगरच्या एक आजी दारात उभ्या: "तुझं नाव होतं गं त्यात." तिघींना फराळ दिला, 1,503 रुपयांचा. एकीने नंतर वहीतून तिचा नंबर खोडायला सांगितला. तिच्यासमोरच खोडला.

ज्यावरून मेसेज गेले तो नंबर 'माझा नाही' म्हणून कळवलाय, अजून संचार साथीच्या यादीत दिसतो. रात्री माझ्या नावाने मेसेज आला असेल तर लिंक उघडू नका, 1909 वर तक्रार करा. नाव माझं असलं तरी करा.