उंबरठा एक, वाटा तीन: अभंग, चित्रकथा की चित्रपट?

सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसते. या वर्षीच्या अशा काही दुपारी मी तीन गोष्टींत घालवल्या: पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी गायलेला ‘अबीर गुलाल उधळीत रंग’ हा अभंग, ‘भीमायन’ ही इंग्रजी चित्रकथा आणि नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’. निवड ठरवून केलेली नव्हती. पण तिन्हींत दाराबाहेर थांबवलेला माणूस भेटतो, हे मागाहून ध्यानात आले. एकच रविवार हाताशी असलेल्या भाच्याने ‘मावशी, यातले आधी काय घेऊ?’ असे विचारले, तेव्हा घाईत दिलेले उत्तर माझे मलाच पटले नाही. म्हणून हा सविस्तर आढावा.

वेळेचा विचार केला तर अभंग सर्वांत सोपा. काही मिनिटांत संपतो, पोळ्या लाटतानाही ऐकता येतो. चोखोबांची नाममुद्रा असलेल्या या रचनेत, जातिहीन म्हणवल्या गेलेल्या आम्ही उंबरठ्याला शिवावे तरी कसे, असा सरळ प्रश्न आहे आणि लगेच पायरीशीच दंग होऊन गाण्याची तयारीही आहे. परंपरेनुसार चोखोबा आपल्या मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असताना भिंतीखाली गेले. त्यांची समाधी पंढरपूरच्या देवळात नाही, महाद्वारासमोर आहे. त्या देवळाचे दार अस्पृश्यांसाठी उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, 1947 मध्ये. हे ठाऊक असूनही अभिषेकीबुवांचा स्वर सुरू झाला की मन प्रसन्नच होते, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. चाल इतकी गोड आहे की प्रश्नाची धार बोथट होते. लग्नकार्यात हा अभंग हौसेने गाणारे किती जण त्या उंबरठ्याशी अडखळतात, कोण जाणे. याच्या जोडीला चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांचा, किशोरी आमोणकरांनी गायलेला ‘अवघा रंग एक झाला’ ऐकला, तर नवरा दाराशी आणि बायको दाराच्या पलीकडे पोहोचलेली, असा एक विलक्षण संवाद कानी पडतो. रविवारात आणखी काहीच बसत नसेल, तर हे दोन अभंग पाठोपाठ ऐकावेत.

‘भीमायन’ला मात्र बैठक लागते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकार दांपत्याने काढली आहेत, तर मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आठवणींवर आधारलेल्या या कथेचे पाणी, निवारा आणि प्रवास असे भाग पाडलेले आहेत. 1901 मध्ये वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात, जात कळताच गाडीवान त्यांना बैलगाडीत बसवायला नकार देतात, आणि अखेर दुप्पट भाडे भरून त्यांनाच गाडी हाकावी लागते. प्रसंग अनेकांनी वाचलेला असेल. पण येथे तो चौकटींतून पुढे सरकत नाही. नेहमीच्या कॉमिकमधील चौकोन व्याम दांपत्याने नाकारले आहेत, आणि भिंती-अंगणे सारवताना काढल्या जाणाऱ्या ‘दिग्ना’ नक्षीच्या वळणांनी पान विभागले आहे. आगगाडी सापासारखी वळते. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात येते, तर विखारी बोलण्याला विंचवाची नांगी असते. महाडच्या सभेत कर्ण्यांमधून शब्द नव्हे, पाण्याच्या धारा लोकांवर पडतात. या पानावर मी बराच वेळ थांबले होते. उन्हाळ्यात नळाला कधी पाणी येईल याची वाट पाहणाऱ्या या शहरात राहून ते चित्र पाहणे ही निराळीच गोष्ट आहे.

दोष आहेतच. आरक्षणावरून सुरू होणारा आजच्या काळातील संवाद कथेला धरून ठेवतो, पण अधूनमधून वर्गात धडा शिकवावा तसा होतो. भाषा इंग्रजी असल्याने घरातील वडीलधाऱ्यांना मजकूर वाचून दाखवावा लागतो, चित्रे मात्र त्यांना आपोआप कळतात. हे पुस्तक मोबाइलच्या पडद्यावर वाचू नये, नक्षी मरते.

‘सैराट’विषयी नव्याने सांगण्यासारखे थोडेच उरले आहे. 2016 मध्ये आलेला, जातीच्या भिंतीपलीकडच्या प्रेमाचा, जवळजवळ तीन तासांचा हा चित्रपट करमाळ्याच्या परिसरात घडतो. मंजुळे तेथल्याच जेऊरचे आणि रिंकू राजगुरू अकलूजची, त्यामुळे पात्रांची बोली आपल्या जिल्ह्यातील माणसाच्या कानाला मुळीच परकी वाटत नाही. उत्तरार्धात कथा हैदराबादला जाते. सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू घरांत हा भाग अधिक जवळचा वाटत असावा. या वेळी माझे लक्ष आवाजाकडे होते. अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलेले संगीत पहिला अर्धा भाग भारून टाकते, आणि अखेरच्या दृश्यात संगीत तर नाहीच, साधा आवाजही काढून घेतलेला आहे. अभंगातील गोडवा जेथे प्रश्नाला झाकतो, तेथे हा चित्रपट आधी गोडवा भरभरून देतो आणि मग तो हिरावून घेतो. मात्र गाणी इतकी परिचित झाली आहेत की पूर्वार्धाकडे कोऱ्या मनाने पाहणे आता अवघड जाते.

म्हणून माझा कौल ‘भीमायन’ला आहे. तिघांपैकी तेच अद्याप घासून गुळगुळीत झालेले नाही, आणि वाचकाला आपल्या गतीने थांबू देते. दिवसभराच्या कामाने डोळे शिणलेले असतील तर अभंग निवडावेत, त्यात कमीपणा नाही. इंग्रजीचा कंटाळा असेल किंवा घरातील सर्वांना एकत्र बसवायचे असेल, तर ‘सैराट’ घ्यावा. पण तो उन्हे उतरण्यापूर्वी सुरू करावा आणि एकट्याने पाहू नये, कारण त्या शेवटच्या शांततेनंतर बोलायला कोणीतरी शेजारी असलेले बरे.